मांडलिकाचं शेवटचं प्रकरण

नॉटिंगहॅमला आमच्या घरात आणखी एक माणूस राहायचा. हजारेक वर्षांपूर्वी मेलेला. इराणच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाचा छोटासा राजा. बायको त्याच्यावर पीएचडी करत होती.

"काय म्हणतोय तुझा राजा?" हॉस्पिटलमधून आल्यावर मी चिडवायचो.

"राजा कसला, मांडलिक. वरचा सुलतान बदलला की यानं मशिदीतल्या शुक्रवारच्या प्रवचनात घेतात ते नाव बदलायचं, नाण्यावरचं बदलायचं. स्वतःचं सगळ्यात खाली. तुझ्या कन्सल्टंटच्या पत्रावर तुझं असतं ना, तसं."

एकदा जुना सुलतान मेला आणि नवा ठरायला काही महिने गेले. त्या महिन्यांतलं एक नाणं तिला म्युझियमच्या ट्रेमध्ये सापडलं होतं. त्यावर एकट्या त्याचंच नाव. तिचा सगळा प्रबंध त्या नाण्याभोवती होता.

मला दूर लंडनजवळ, वॉटफर्डकडच्या हॉस्पिटलात रजिस्ट्रारची जागा मिळाली. ती म्हणाली, "आठवड्यातले तीन दिवस मी इथेच राहीन. वर्षभराचा तर प्रश्न आहे." मी "बघू" म्हणालो. ती माझ्या व्हिसावर आली होती, पासपोर्टवर तसा शिक्काच होता. तिनं माझ्याबरोबर यायचं, यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नव्हतं.

त्याच सुमारास तिच्या बाबांचं ऑपरेशन निघालं. तीन आठवड्यांसाठी पुण्याला गेली, ती सहा राहिली. मागे तिच्या गाइडचा घरी फोन आला. मुदतवाढीचा फॉर्म महिनाअखेरपर्यंत हवा होता. मी अगदी सभ्यपणे सांगितलं, ती पुढे करणार नाही, तुम्हाला कळवायला तिनंच सांगितलंय. नंतर त्यांचं हळहळ व्यक्त करणारं पत्र आलं. ते मी रद्दीत, वर्तमानपत्रांच्या खाली घातलं.

ती आल्यावर म्हणालो, "मुदत टळली गं. पत्र आलं होतं."

"कुठंय?"

"सामान बांधताना गेलं असेल कुठेतरी."

तिनं गाइडना फोन केला नाही. उशीर आपणच केला, कोणत्या तोंडानं बोलायचं, म्हणाली. बाबा पुढच्या वर्षी गेले. त्यानंतरही कधीमधी तिच्या तोंडून यायचं, "तेव्हा तीन आठवड्यांत परत यायला हवं होतं." मी ऐकून घ्यायचो. बाबांजवळ काढलेले शेवटचे दिवससुद्धा मी तिच्यासाठी नासवून ठेवले होते. पीएचडीपेक्षा हेच मला जास्त खात आलंय.

गेल्या महिन्यात, एका रविवारी स्वयंपाकघरात, सगळं सांगून टाकलं. तिनं गॅस बंद केला.

"म्हणजे मी बाबांजवळ राहिले, त्यानं काही बिघडलं नव्हतं."

"नाही."

ती ओटा पुसायला लागली. मी विचारलं, "त्या राजाचं पुढे काय झालं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, चिडवायला म्हणून नाही.

"नव्या सुलतानानं बोलावून घेतलं."

"गेला?"

"गेला ना. न जाऊन करतो काय? परत आला की नाही, ते शेवटच्या प्रकरणात शोधायचं होतं."