मोजणीत होती, बसमध्ये नव्हती

ती घटना आठवली की आजही माझीच मला चीड येते. नव्वदच्या दशकात मी सातारा जिल्ह्यात, घाटाखालच्या एका ठाण्यात फौजदार होतो. जानेवारीत एके दिवशी साडेचारच्या सुमारास एक बस थेट ठाण्याच्या दारात येऊन थांबली. इस्लामपूरकडची ख्रिस्ती मंडळी. सकाळी डोंगरावरच्या जुन्या चर्चमध्ये उपासना, दुपारी डबे खाऊन कड्यावरचे पॉइंट बघायचे, असा त्यांचा दरवर्षीचा नेम. परतताना घाटाखाली, ठाण्याजवळच्याच टपरीवर चहाला उतरले, तर सत्तरीची एक म्हातारी गायब.

पाळकसाहेब म्हणाले, "वरून, चर्चपासून निघताना मी डोकी मोजली. त्या मागच्या दाराजवळ बसल्या होत्या." आणखी चौघांनी तेच सांगितलं. म्हणजे बाई चहाच्या ठिकाणीच हरवली. डायरीला नोंद केली आणि ठाण्यातली माणसं तिथल्या उसात, ओढ्याकाठी पिटाळली.

तेवढ्यात चहावाला हवालदाराच्या कानाशी लागला. "सकाळी जाताना सासूसुनेचं लय वाजलं हुतं हितं." झालं. महिला शिपायाला शेजारी उभं करून मी सुनेला समोर बसवलं.

"सासूपाशी का बसला नाहीत?"

"बोलत नव्हत्या माज्याशी. म्हनून पुढं बसले."

"कुठं ढकललंस म्हातारीला?"

ती रडली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आवं साहेब, ऊन उतरलं. आधी त्यास्नी हुडका, मग मला काय बी इचारा."

मला ते नाटक वाटलं. पाऊण तास तिच्यापायी घालवला. उसात काही सापडेना. बरं, मंडळी खोटं बोलतायत असंही वाटेना. खोटारडा माणूस पाल्हाळ लावतो, हे दोन वाक्यांत संपवत होते. शेवटी वैतागून म्हणालो, "बसा सगळे बसमध्ये. निघताना जे केलंत तेच पुन्हा करा."

महिला शिपाई म्हातारीच्या जागेवर बसली. पाळकसाहेबांनी डोकी मोजली. मग म्हणाले, "आता प्रवासाची प्रार्थना." बसभर माना खाली गेल्या, डोळे मिटले. ड्रायव्हर हिंदू, पण त्यानंही हात जोडून डोळे मिटले. प्रार्थना चांगली लांबली. मी खूण केली तशी शिपाईबाई मागच्या दारानं खाली उतरली. आमेन झालं, कुणीतरी दार ओढलं, टाळ्या वाजवत गाणं सुरू झालं. एकालाही पत्ता नाही.

"बाई वरच राहिल्यात," मी म्हणालो आणि जीपकडे धावलो.

घाट चढेपर्यंत सूर्य टेकला होता. कड्याकडे बघायचा मला धीर होईना. सून मागे बसून पुटपुटत होती. चर्चमागच्या उतारावर, पायवाट चुकून पडलेली म्हातारी सापडली. पाय मुरगळलेला, थंडीनं दात वाजत होते, पण जिवंत.

"आजी, उतरलात कशाला?"

"दिसभर समद्यांसाठी मागितलं. हिच्यावर राग हुता, हिचं तेवढं नाव घेतलं न्हाई. जीव लागंना. आमच्या साहेबांची प्रार्थना लांबती, तवर चर्चात जाऊन हिचं नाव घेऊन येते म्हनलं."

सून खाली बसून तिचा पाय चोळत होती. मला तिथं उभं राहवेना.

साक्षीदार खरं बोलत असला तरी त्यानं काय पाहिलं नाही, हे विचारायला मी त्या दिवशी शिकलो. पुढच्या प्रत्येक तपासात ते कामी आलं. ठाण्यात परतल्यावर मिसिंगचा कागद बंद केला. सुनेला विचारलेला माझा प्रश्न मात्र कुठल्याच कागदावर नव्हता. ती बसकडे निघाली तेव्हा मी म्हणालो, "चुकलो, ताई."

"व्हय, चुकलासा," ती म्हणाली आणि सासूला धरून बसमध्ये चढली.