ओटीतला नारळ

आमच्या शहरातल्या गोकुलम भागात परदेशी मुलं योग शिकायला येतात ना, तिथल्याच एका हॉलमध्ये एका दुपारी मी तो सिनेमा पाहिला. भाषा कुठली कोण जाणे, कळायला ती लागलीच नाही. अणुवीज केंद्रात स्फोट होतो, आणि लांबच्या खेड्यात काहीच बदललेलं दिसत नाही. झाडं हिरवी, गाई धडधाकट. फक्त एक म्हातारी परसातले बटाटे उकडून पोटुशी सुनेपुढे ठेवते आणि सून ताटाकडे बघत बसते. मला पुढचं बघवेना.

कारण आठ दिवसांनी माझ्याच सुनेचं डोहाळजेवण होतं, आणि तिचं माहेर घाटात, असल्याच केंद्रापासून दोन डोंगर पलीकडे. तिथं कधी काही झालेलं नाही हे मला माहीत होतं. माहीत असून काय, भीती ऐकते होय?

विहीणबाई आल्या त्या पोतं घेऊन. परसातले नारळ, घरचे तांदूळ. आमच्यात या ओटीला नारळ माहेरचाच लागतो. मी पोतं आत नेलं आणि तबकात ठेवला बाजारातला. नारळ तो नारळ, कोण ओळखणार?

विहीणबाईंनी तो उचलला आणि हात तिथंच थांबला.

"हा माझा नव्हे. मी सोलते तेव्हा शेंडी लांब ठेवते."

पाच सवाष्णी बसलेल्या. सून माझ्याकडे बघायला लागली.

"तुमचा नासका निघाला," मी म्हटलं.

"न फोडताच कळलं?"

मग काय, सांगावं लागलं सगळं. शेजारीण हसून अर्धं कानडीत, अर्धं मराठीत म्हणाली, "बिडी, सोडा हो. सिनेमा बघून विहिणीशी वाकडं? आमच्या मालिका बऱ्या."

विहीणबाई हसल्या नाहीत. "हिच्या वेळी मी तिथलंच पाणी प्यायले. भीती मलाही होती, विहीणबाई. पण विचारायचं तरी."

सुनेनं पदर पसरला. "आई, तुझाच घाल."

नारळ मीच आतून आणून दिला. ओटी भरली. विहीणबाई जेवल्या, पण पानावरून मान वर केली नाही. निघताना दारात थांबल्या.

"पहिलं बाळंतपण माहेरी. पाठवणार ना पोरीला?"

"पाठवते," मी म्हटलं. पण त्याआधी मी किती वेळ गप्प होते, ते त्यांनी पाहिलं.