सदतीस दात

राघोत्तम रावांनी छत्तीस वर्षं दात कापले. आवडी या तमिळ गावाच्या बाजूला संरक्षण खात्याच्या कारखान्यात गियर कापायच्या यंत्रावर ते होते. ताटाएवढी चाकं, परातीएवढी चाकं, एक तर असं की ते उचलायला क्रेन लागायची. सेक्शनमध्ये म्हणत, रावांच्या हातचं चाक तपासणीवाल्याकडे जाऊन परत आलं तर त्या दिवशी कँटीनमधलं रसम गोड लागेल. परत आलेल्या चाकावर लाल रंगाचा ठिपका मारायची पद्धत होती. रावांच्या चाकांवर तो बसला असेल तर पहिल्या दोन वर्षांत. नंतर नाही.

त्यांचं घराणं मूळ तंजावरचं. घरात जुनी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि कारखान्यात जे समोर येईल ते. निवृत्तीनंतर काही वर्षं आवडीलाच काढली. मग मुलगा विजयेंद्र याची बँकेतून मदुरैला बदली झाली, आणि सून शर्मिष्ठा सिरुसेरीच्या कंपनीत, म्हणून राव, त्यांची बायको आणि सून अशी तिघं केळंबाक्कमला पाचव्या मजल्यावर राहायला आले. इथून शर्मिष्ठाची कंपनीची बस वीस मिनिटांत पोचते, आणि संध्याकाळी कोवलमकडून खारा वारा येतो. या वाऱ्यानं दरवाजे फुगतात, मीठ गोळा होतं, आणि कृष्णवेणीबाईंचे गुडघे बोलायला लागतात.

कृष्णवेणीबाई म्हणजे रावांची बायको. नवरात्रात त्या गोलू मांडत. नऊ पायऱ्या, त्यांवर पांढरी चादर, चादरीवर देव, राजे, वाणी, वाणीण, मातीची भाजी विकणारी बाई. लग्नात माहेरून आलेल्या बाहुल्या आणि त्यावर दर वर्षी एक नवी, अशी ती प्रजा वाढत गेली होती. पण लोक यायचे ते पायऱ्यांसमोर मांडलेली रास बघायला. लाकडी तबकडी, मधोमध कृष्ण, भोवती आठ गोपी. तबकडीखाली दात्यांचं मोठं चाक, त्याला खेटून छोटं चाक, छोट्याला मूठ. मूठ फिरवली की गोपी फेर धरायच्या. हे सगळं कृष्णवेणीबाईंच्या वडिलांनी तंजावरला कोर्टातली कारकुनी सांभाळून, रविवारी रविवारी पटाशीनं कोरलं होतं.

त्या चाकात एक खोट होती. पुऱ्या फेऱ्यात एकदा, हिरव्या लुगड्याची गोपी समोर आली की, टक् असा आवाज व्हायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात जावई कान टवकारून म्हणाले होते, “मामा, एक दात चुकलाय. द्या, कारखान्यात नवं चाक कापून आणतों.” सासरे हसले आणि म्हणाले, “असूं दे पा. पोरं भांडत नाहींत त्यानं.” आणि खरंच, आवडीच्या क्वार्टर्समध्ये पोरांची रांग लागायची, तेव्हा नियम ठरलेला होता. टक् झालं की मूठ सोडायची, पुढच्यानं धरायची. रावांच्या मनातून ती खोट मात्र गेली नाही. दर नवरात्रात त्यांना ती ऐकू यायची.

यंदा श्राद्धपक्षात ट्रंका उघडल्या, तर बाहुल्या धड होत्या आणि चाकांचा भुगा झाला होता. वाळवीनं तबकडी आणि तिच्यावरचे कृष्ण-गोपी तेवढे शिल्लक ठेवले होते.

कृष्णवेणीबाईंनी भुगा सुपात भरला. मग उठून हात धुतले आणि टी. नगरच्या चुलत बहिणीला, विद्यालक्ष्मीला, फोन लावला.

“विद्या, तुझी सून गोलू मांडणार म्हणत होतीस नव्हे? माझ्या घेऊन जा. सगळ्या. अमावास्येच्या दुपारी गाडी पाठव.”

फोन ठेवल्यावर राव म्हणाले, “कसाला हो घाई? रास नाहीं तर नाहीं. पायऱ्या आहेत की.”

“पायऱ्या कोण बघायला येतो? पाचवा मजला. दार लावलं की मेलेलं घर. रास होती तर पोरं यायचीं, पोरं आलीं तर त्यांच्या आया यायच्या. आतां काय, चण्यांचं सुंडल करून आपणच खायचं?”

“मी करतों चाकं.”

बाईंनी त्यांच्या हातांकडे बघितलं. वर्षभरापासून हातांना कंप होता. चहाचा कप बशीत वाजायचा. विद्यालक्ष्मीला फोन करून गाडी नको असं काही त्या म्हणाल्या नाहीत. अमावास्येला अकरा दिवस होते.

रावांनी कंपास धरून बघितला. वर्तुळ कसलं, तो बटाटा झाला. तेव्हा शर्मिष्ठा मध्ये पडली. ती कराडची, बोलणं धडाधड, सासऱ्यांची जुनी मराठी तिला लग्नानंतर वर्षभर पुराण ऐकल्यासारखी वाटायची.

“ओ अप्पा, माझ्या जुन्या लॅपटॉपवर काढा की. फोटो नीट करायचं सॉफ्टवेअर आहे, फुकटातलं. त्यात वर्तुळ कधीच वाकडं येत नाही. छापा, प्लायवुडवर चिकटवा, सुताराकडनं कापून घ्या. हात थरथरले तरी माऊस काय बोंब मारत नाही.”

तिनं त्यांना कोरं पान उघडून दिलं. वर्तुळ काढायचं शिकवलं. लेयर म्हणजे पारदर्शक कागद, एकावर एक ठेवलेले, हे सांगितलं. “एक दात काढायचा. त्या लेयरची कॉपी करायची. कॉपी थोडी फिरवायची. परत कॉपी, परत फिरवायची. झालं चाक.”

तिची बस आली. राव बसले, आणि पहिल्याच दाताला घोडं पेंड खाऊ लागलं.

त्यांना दात काढता येईना. कारखान्यात यंत्राला चाकाचा आकार आणि दात्यांची संख्या सांगायची, दाताचं रूप ते हत्यार आपोआप देतं. कारखान्याच्या नकाशावरसुद्धा दात काढलेले नसत. नुसती वर्तुळं, शेजारी आकड्यांचा तक्ता. छत्तीस वर्षांत कुणी कागदावर दात काढलेला त्यांनी पाहिला नव्हता.

“काय करलात?” बाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“दात बसत नाहीं.”

“एवढीं वर्षं हजारांनी कापलेत, एक रेखायला येत नाहीं? बरं झालं पेन्शन आधीं चालू झाली ती.”

राव उठले. निवृत्तीच्या दिवशी सेक्शननं दिलेलं पितळी चाक टेबलावर होतं, त्यात बाई पेनं खोचत. पेनं बाजूला काढून त्यांनी त्यावर कागद ठेवला, वरून पेन्सिल घासली. कडा उमटल्या. बुडाशी रुंद, टोकाला अरुंद, आणि दोन्ही बाजूंना किंचित पोट सुटलेलं. ते पोट महत्त्वाचं. सरळ कडांचे दात एकमेकांना ढोसत राहतात, पोटवाले अंगावरून घसरत जातात. तो कागद समोर टेकवून त्यांनी दिवसभरात एक दात जमवला.

मग तो फिरवायला गेले, तर दात जागच्या जागी गिरकी घेऊन उलटा उभा राहिला. संध्याकाळी शर्मिष्ठा आल्यावर हसून हसून खाली बसली. “अहो, फिरवायचा खुंटा दातातच राहिला. तो वर्तुळाच्या मध्यावर न्या.” नेला. दात शहाण्यासारखा कडेनं सरकला.

“आता सांगा, किती दात?”

“लहानाला पंधरा. मोठ्याला सदतीस.”

“सदतीस? छत्तीस घ्या ना. दहा-दहा अंशांवर एक. मोजायलाच नको.”

“छत्तीस नको मा. पंधराला तीन जातात, छत्तीसलाही तीन जातात. मग ठराविक दात ठराविक दातांनाच भेटत राहतात, झीज एके ठिकाणीं होते. सदतीस घेतलं कीं प्रत्येकाला प्रत्येक भेटतो.”

“नऊ दिवस फिरणार आहे ते! गोपी नेणारात, रणगाडा नाही.”

राव ऐकेनात. यंत्रावर सदतीस म्हणजे मुठीचा एक पुरा फेरा आणि वर मोजणीच्या तबकडीवरची तीन भोकं, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. अंशांत कधी मोजावं लागलं नव्हतं. शर्मिष्ठानं फोनवर भागाकार केला, नऊ पॉइंट सातशे एकोणतीस आणि पुढे शेपूट. चिठ्ठीवर तिनं ९.७ लिहिलं. “एवढं बास होतंय,” म्हणाली. रावांनाही वाटलं, केसाएवढा फरक, चित्रात काय दिसणार.

तीन दिवस ते लावत होते. कॉपी, नऊ पॉइंट सात. कॉपी, नऊ पॉइंट सात. दात्यांमधली फट त्यांनी मुद्दाम सैल ठेवली, कारण प्लायवुड या वाऱ्यात फुगणार हे दारानं शिकवलं होतं. सदतिसावा दात बसला आणि त्याच्या नि पहिल्याच्या मधली फट इतरांपेक्षा रुंद निघाली. पडलेल्या दाताची नव्हे, पण नीट बघणाऱ्याला दिसेल अशी. रावांना ती दिसली नाही. स्क्रीनवर चाक मुठीएवढंच दिसत होतं, आणि चष्मा जुना होता.

छापलेले कागद घेऊन ते बसनं कोवलमला गेले. तिथं विजयकुमार नावाचा सुतार होता, दारं-खिडक्या करायचा. त्यानं कागद आडवे-उभे करून बघितले.

“काय सार, चपातीला दात?”

“तूं काप. रेषेच्या बाहेर जाऊं नको.”

विजयकुमारनं नेटकं कापलं, कडा घासून दिल्या. घरी आणून रावांनी दोन्ही चाकं फळीवरच्या खुंट्यांवर बसवली आणि मूठ फिरवली. फिरलं. सुरेख फिरलं, फिरत फिरत एका जागी आलं, आणि वाजलं. टक्.

रावांनी कान फळीशी नेला. पुन्हा फिरवलं. टक्. भिंग घेऊन बसले तेव्हा ती रुंद फट सापडली. हिशेब केला. केसाएवढी चूक, सदतीस वेळा एकावर एक चढलेली. एक पॉइंट एक अंश.

कुणी काही विचारायच्या आत त्यांनी शर्मिष्ठाची नखांना लावायची लाल बाटली घेतली, मोठ्या चाकावर ठिपका मारला आणि दोन्ही चाकं फळीसकट गॅलरीत ठेवून दिली. बाई देवळात गेल्या होत्या, तेवढं बरं.

मग वही काढली. या वेळी मागच्या दातापासून मोजायचं नाही. प्रत्येक दात शून्यापासून. पहिल्याच दाताची कॉपी घ्यायची आणि नऊ पॉइंट त्र्याहत्तर, एकोणीस पॉइंट सेहेचाळीस, एकोणतीस पॉइंट एकोणीस, असे सदतीस आकडे सुवाच्य अक्षरात लिहून प्रत्येकाला त्याच्या जागी नेऊन बसवायचं. चूक झालीच तर त्या एका दातापुरती. शर्मिष्ठानं वही शेवटपर्यंत चाळली. “अप्पा, आमच्या टीममध्ये हे कुणाला सुचलं असतं की नाही, सांगता येत नाही,” एवढंच म्हणाली.

पुन्हा कोवलम. विजयकुमारनं विचारलं, “पहिली चपाती करपली काय सार?” राव हसले नाहीत.

अमावास्येच्या दिवशी तर्पण उरकून, जेवून, राव नवी फळी घेऊन दिवाणखान्यात आले. तबकडी चढवली, कृष्ण बसवला, गोपी बसवल्या. मूठ फिरवली. आवाज नाही. लोण्यातून सुरी जावी तसा फेर. तपासणीवाल्यानं मान डोलवावी असं काम, आणि तेही कापऱ्या हातांचं. ते बायकोकडे बघत राहिले.

कृष्णवेणीबाईंनी एक फेरा फिरवला, दुसरा फिरवला. “बरं झालंय,” त्या म्हणाल्या. “छान फिरतंय.” आणि खोकी आणायला आत गेल्या.

“म्हणजे? मांडायचं नाहीं?”

“विद्या निघालीय. तिची सून हौशी आहे. हेही देऊं तिला.”

 राव खुर्चीवर टेकले. आत बाई मातीचा वाणी वर्तमानपत्रात गुंडाळू लागल्या.

शर्मिष्ठा सुट्टी काढून घरी होती. वाळत घातलेले कपडे आणायला गॅलरीत गेली, तिला ती जुनी फळी दिसली. तिनं सहज मूठ फिरवली.

टक्.

वर्तमानपत्राचा आवाज थांबला.

“कोण तें?” बाई बाहेर आल्या. “परत फिरव.”

टक्.

“आण इकडे.” त्यांनी फळी मांडीवर घेतली आणि स्वतः फिरवली. टक् झालं, आणि त्यांनी मूठ सोडून हात आपसूक मागं घेतला, पुढच्याला जागा दिल्यासारखा. मग रावांकडे वळल्या. “हें कोठें लपवून ठेवलंत?”

“तें रिजेक्ट आहे हो.”

“कोण म्हणतो?”

“मी म्हणतों. लाल ठिपका दिसत नाहीं? एक अंशाची चूक आहे.”

“माझ्या अप्पांच्यांत किती अंशाची होती?”

 सासऱ्यांची ती चूक काढून द्यायला राव चाळीस वर्षांपूर्वीच निघाले होते.

“हें लावा,” बाई म्हणाल्या. “हिरवी गोपी समोर येईल तेव्हां वाजलं पाहिजे. नीट बघून बसवा.” आणि शर्मिष्ठाला, “बाळ, तो वाणी सोड कागदातनं. पायऱ्यांच्या फळ्या कोठें आहेत?”

“अम्मा, विद्या मावशींची गाडी?”

“येऊं दे. चणे भिजलेत.”

राव पाटावर बसले. चांगलं चाक काढलं, ठिपक्याचं चढवलं. हिरव्या गोपीचा हिशेब करून तबकडी दोन दात सरकवली. हात कापत होते, पण जागा चुकली नाही. विद्यालक्ष्मी चारला आल्या, रिकाम्या खोक्यांवर बसून सुंडल खाल्लं, “मला बोलावलंस कसाला मग?” म्हणत राहिल्या, आणि सुनेसाठी बाहुल्यांची एक जोडी घेऊन गेल्या.

दुसऱ्या संध्याकाळी शेजारची दोन पोरं आली, तिसऱ्या दिवशी सात. कुणी तमिळ, कुणी तेलुगू, एक हिंदी बोलणारी मुलगी. नियम बाईंनी एकदाच सांगितला आणि सगळ्यांना कळला. पायऱ्यांपाशी आया बसल्या. पायताणांचा ढीग लिफ्टपर्यंत गेला.

राव कोपऱ्यातल्या खुर्चीत असत. दर टक्‌ला त्यांची डावी भुवई उडे. चौथ्या दुपारी घर झोपलेलं बघून ते चांगलं चाक घेऊन रासेपाशी गेले, तबकडीला हात घातला.

“नका लावूं हात,” आतून आवाज आला. बाई झोपल्या नव्हत्या.

राव परत खुर्चीत आले. मोठं चाक मांडीवर घेऊन, धोतराच्या सोग्यानं त्याचे दात एकेक पुसत बसले. सदतीसच्या सदतीस. मग वर्तमानपत्रात गुंडाळलं, कडुलिंबाचा पाला घातला आणि पुडक्यावर निळ्या पेननं लिहिलं, ‘पास.’ ते ट्रंकेत तळाशी ठेवलं.