पोरीसमोर रोज दहा मिनिटं

जगातली यच्चयावत भांडणं पाळण्याजवळ मिटवता येतात, असं छातीठोकपणे मानणारा माणूस साऱ्या राहुरी तालुक्यात एकच, तो म्हणजे माझ्या नातीचे डॉक्टर. बाळाच्या सर्दीसाठी जावं, तर हा गृहस्थ आधी विचारणार, ‘काल घरात कोण कोणावर ओरडलं?’ लस टोचताना पोर बापानंच धरायचं, हा त्यांच्या दवाखान्याचा कायदा. मिशांना पीळ देत आलेला एक पैलवान सुई पाहूनच बाकावर आडवा झाला, तर डॉक्टरांनी पोर दुसऱ्या पेशंटच्या बापाकडे सोपवलं, पण आईला जागचं हलू दिलं नाही. एका गावात दूध डेअरीच्या निवडणुकीवरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा यांनी दोन्ही गटांना निरोप धाडला, ‘बैठकीला या, पण घरातलं तान्हं पोर कडेवर घेऊन.’ डॉक्टरचं डोकं फिरलंय, असं मीच चारचौघांत म्हणालो होतो. पण आले की हो सगळे! ऐन वादात एका पुढाऱ्याच्या नातवानं शेजारच्या विरोधकाच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर धार सोडली. ‘आवरा की वो त्याला, लई भिजलो!’ असं तो ओरडला आणि अख्खी बैठक खो खो हसत सुटली. ‘कडेवर पोर असलं की हात उगारता येत नाही, तात्या,’ डॉक्टर मला म्हणाले.

हे लोकांच्या घरी चाललं होतं तोवर मला भारी मौज वाटायची. मग आमची गौरी अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. डॉक्टरांनी कान तपासून घेतले, ते ठणठणीत. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. आणि मग सूनबाईला विचारलं, ‘घरात कोण कोणाशी बोलतं?’ ती बिचारी रडायलाच लागली. मी लावलेली डाळिंबाची बाग रोगानं गेली म्हणून मुलानं मला न विचारता उपटली, तेव्हापासून आमचा अबोला होता. आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो तरी ‘तात्यांना विचार, भाकरी हवी का,’ असले निरोप सूनबाई पोहोचवायची. डॉक्टरांनी टॉनिकच्या खाली चिठ्ठीवर लिहिलं, ‘आजोबा आणि वडील यांनी रोज दहा मिनिटं, पोरीसमोर, एकमेकांशी बोलणे.’ मी भडकलो. ‘माझ्या घरात नाक खुपसणारे तुम्ही कोण?’

‘तिचा डॉक्टर,’ ते शांतपणे म्हणाले.

पहिल्या दिवशी ‘विहिरीवरची मोटार चालू हाय का?’ ‘हाय,’ एवढ्यावर आटोपलं. चौथ्या दिवशी विषय बागेवर गेलाच. ‘झाडं काढताना मला काय आनंद झाला व्हता का, तात्या? तुमच्याम्होरं सांगायची हिंमतच झाली न्हाई,’ मुलगा म्हणाला. मी इतकी वर्षं नुसता राग धरून बसलो होतो, त्याला एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली मला.

आता गौरी इतकी बोलते की परवा डॉक्टरांनीच कानांवर हात ठेवले. ‘तात्या, तुमचं औषध बंद,’ ते हसून म्हणाले. सगळ्यांना आनंद झाला, माझं मात्र घरी येईपर्यंत कशात लक्ष लागेना. बोलायचं कारणच संपलं होतं. त्याच दुपारी मी ओट्यावर उगाच पेपर उघडून बसलो. मुलगा बाहेर आला, एकटाच, आणि माझ्या शेजारी टेकला.

‘पोरगी झोपली, तात्या,’ तो म्हणाला. ‘बोला तुम्ही.’