डबा घेऊन निघायचं

सिंधीपुऱ्यातून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये कारकुनीला जाताना मला तो रोज तापीच्या राजघाटावर दिसायचा. ऐन उन्हाळ्यातही अंगात कोट, डोक्याला साहेबी टोपी, मांडीवर पत्र्याचा डबा. आधी रुमालानं पायरी पुसायचा, मगच बसायचा. धोबी त्याला हसायचे. अमेरिकेहून परत आलाय, एवढंच गावाला ठाऊक.

एकदा आमच्या प्रेसला सुट्टी होती, तेव्हा मी शेजारी टेकलो. म्हटलं, "साहेब, इथं रोज काय काम असतं?"

"तिकडे मोटारीच्या कारखान्यात होतो, भाऊ. चांगल्या घरचा माणूस म्हणजे आपलं घर, दारात मोटार. मग मंदी आली. काम गेलं, मोटार गेली. शेवटी चांगल्या घरचं म्हणून एवढंच उरलं, सकाळी डबा घेऊन निघायचं. आमची सारी गल्ली निघायची आणि एकाच बागेत जाऊन बसायची. पण कुणी कुणाला ओळख द्यायची नाही, हा तिथला कायदा."

तेवढ्यात गिरणीचा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला, मगच त्यानं डबा उघडला. भाकरी होती. "भावाकडे राहतो, वहिनी भरून देते," तो म्हणाला. "कुठं जातो, ते विचारत नाही बिचारी."

मला तेव्हा तो खुळा वाटला.

त्याच साली आमची प्रेस बंद पडली. घरी मी काही बोललो नाही. सकाळी टोपी घातली, बायकोनं दिलेला डबा घेतला आणि घाटावर आलो. तो होताच. रामराम करायला मी हात उचलला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि तोंड तापीकडे फिरवलं.

मी हात खाली घेतला, पायरी पुसली आणि त्याच्यापासून जरा लांब बसलो.