ट्रकमधली बाळंतिणीची जागा

माझा ट्रक माझ्याहून दोन-चार वर्षांनीच लहान असेल. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेला, पेट्रोलवर चालणारा. आवाज असा, की राणीसावरगावच्या वेशीत शिरलो की शाळेतले मास्तर शिकवायचे थांबत. त्याचा सायलेन्सर सडून रस्त्यात कुठेतरी गळून पडला होता. त्याच्या जागी मी विहिरीवरच्या इंजिनाचा जुना पाइप बसवला. सांध्याला तेलाच्या डब्याचा पत्रा, पत्र्यावर तार, तारेवर चिकणमाती. पाइप आखूड पडला. मागच्या टोकापर्यंत न जाता तो हौद्याच्या मधोमध, फळ्यांच्या खालीच संपायचा. पण आवाज निम्म्यावर आला होता, म्हणून मी खूश होतो. आपला तो बाब्या म्हणतात, तशातली गत. दुसऱ्या कुणाच्या गाडीला असा पाइप दिसला असता तर मीच पहिला हसलो असतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे निघत. त्या साली आमच्याच गावची टोळी माझ्या वाट्याला आली. त्यात एक पंधरा दिवसांची बाळंतीण होती. नवरा बैलगाडी घेऊन आधीच पुढे गेलेला, म्हणून सासू तिला घेऊन निघाली होती. बाळंतिणीला घरात ठेवून कोण बघणार, असं तिने मला एकदाच विचारलं, आणि मी तिचं गाठोडं हौद्यात चढवलं.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. ट्रकमध्ये शेगडी कुठून आणायची? मी इंजिन तापवत ठेवलं होतं. सासू हौद्यात वाकून फळ्या हाताने चाचपत होती. मधोमध येऊन थांबली.

"हितं फळ्या ऊन लागायल्यात, डायव्हरसाब. हिला हितंच बसवते."

"बसवा, मावशी," मी म्हणालो. "इंजिनाची ऊब हाय."

अगदी ऐटीत म्हणालो. मग गार वारा लागू नये म्हणून तिने चारी बाजूंनी वाकळा टांगल्या. ताडपत्रीच्या दोऱ्या मी स्वतः आवळल्या, कुठे फट राहू दिली नाही.

गंगाखेड मागे पडलं आणि केबिनच्या पत्र्यावर मागून मूठ आपटली. थांबलो. ताडपत्रीतून सासूचं तोंड बाहेर आलं. "पोरगी उलट्या करायली. डोकं लय दुखायलंय म्हणती."

"गाडी लागली आसंल," माझ्या शेजारी बसलेला टोळीचा मुकादम म्हणाला. त्याला पोचायची घाई होती. टोळी उशिरा गेली तर तिच्या वाटणीचा उसाचा फड दुसऱ्यांना मिळायचा. मी खिशातलं लिंबू काढून दिलं आणि गाडी पुढे काढली. गाडी लागणं काय नवं होतं? दर खेपेला निम्मा हौदा ओकायचा. तरी माझा जीव लागेना. आणखी दोघींची डोकी दुखत होती, हे थांबल्यावर ऐकलं होतं. ते डोक्यातून जाईना. पाऊण तासभर मी रस्त्यापेक्षा मागच्या पत्र्याकडेच कान लावून होतो.

दुसऱ्यांदा मूठ आपटली ती थांबेचना.

"लेकरू दूध पिईना गेलंय," सासू म्हणाली. "झोपलंय का काय, कळना."

मी हौद्यात चढलो. ताडपत्रीखाली कोंदट गरम होतं, दोन श्वासांतच डोळे चुरचुरले. बाळंतीण डोळे मिटून गाठोड्याला टेकली होती. मी फळीला हात लावला. ती गरम होती, आणि फटीतून गरम वारा माझ्या तळहातावर येत होता. तो वारा कुठला, हे त्या हौद्यात फक्त मला माहीत होतं. मी लेकराला उचललं तर त्याची मान माझ्या हातावरून मागे कलंडली.

सगळ्यांना खाली उतरवलं. ओरडलो असेन, आठवत नाही. सासूने लेकरू माझ्याकडून घेतलं, उघड्या वाऱ्यात पालथं धरलं आणि त्याच्या तळपायांवर टिचक्या मारायला लागली. एक, दोन, पुन्हा. मी आयुष्यात कधी एवढा घाबरलो नव्हतो. पुष्कळ वेळाने ते किरकिरलं, मग रडलं. मी रस्त्याच्या कडेला खाली बसलो.

बाळंतीण बाभळीखाली निजली. जवळच्या विहिरीवरच्या शेतकऱ्याने एक लोखंडी पाइप दिला. इंजिन निवायला वेळ लागला, तेवढ्यात मुकादम दोनदा घाईचं बोलला आणि दोन्ही वेळा मी त्याला नको ते बोललो. जुना सांधा सोडला तर पत्रा आतून करपून चाळणी झालेला. नवा पत्रा दुहेरी गुंडाळला, तार पक्कडीने पिळून पिळून आवळली, पाइप मागच्या टोकाच्याही हातभर बाहेर काढून बाजूला वळवला. मग इंजिन चालू केलं आणि पाइपाच्या तोंडावर ओलं गोणपाट दाबलं. सांधा फुटका असेल तर तिथून फुसफुस येते. एका जागी आली. पुन्हा निवेपर्यंत थांबलो, पुन्हा आवळलं.

सासू शेजारी उभी राहून सगळं बघत होती. मला गप्प राहवेना.

"मावशी, धूर माझ्या पाइपातून वर आला. पाइप मीच बसवला होता."

"कळलं मला," ती म्हणाली. "जागा मीच धुंडली."

तिने वाकळा काढल्या, ताडपत्रीची मागची बाजू सोडली आणि सुनेला लेकरासकट केबिनमध्ये माझ्या शेजारी बसवलं. मुकादम मागे गेला. सासू स्वतः हौद्यात चढली आणि मधल्या त्याच फळ्यांवर मांडी घालून बसली. मी म्हणालो, तिथं नका बसू. ती उठली नाही.

मी निघालो. मूठ आपटली नाही. आता ती शांतताच मला खाऊ लागली. कोस-दीड कोसावर गाडी थांबवून मागे जाऊन बघितलं. मग पुन्हा. मग पुन्हा. चौथ्यांदा मी ताडपत्री उचलली तेव्हा ती माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"जिती हाय मी. चला."