मारोतीची देवी अजून ठाण्यात आहे

आमच्या घरातून निघताना मारोती दारात थांबायचा आणि स्वतःचे खिसे उलटे करून दाखवायचा.

कोणी मागितलं नव्हतं. कधीच नाही.

आई म्हणायची, "काहून असं करतं रे बाप्पा? घरचा ना तू?"

तो हसायचा. "राहू द्या माय. उद्या तुमची वाटी सापडली नाही, त तुमालेच वाईट वाटन."

आज मारोतीला जाऊन वर्ष झालं.

विदर्भातल्या आमच्या गावच्या शाळेत आम्ही एकाच टाटपट्टीवर बसायचो. कोणाची पेन्सिल हरवली की गुरुजी म्हणत, "आधी पारध्याचं दप्तर पाहा."

पेन्सिल बहुतेक वेळा ज्याची त्याच्याच दप्तरात निघायची. तरी पुढच्या वेळी पहिलं दप्तर मारोतीचंच.

नंतर नंतर तर गुरुजींनी तोंड उघडायच्या आत तोच दप्तर उपडं करायचा.

फासेपारधी. तितर-बटेर धरून जगणारी माणसं. इंग्रजांनी कायदा करून अख्खी जात गुन्हेगार ठरवली. पाळण्यातलं लेकरूसुद्धा. मारोतीच्या आज्याला पाटलाकडे रोज हजेरी द्यावी लागे.

स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला. मारोती म्हणायचा, "कायदा गेला गड्या. सायबाची नजर इथंच राहून गेली."

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, कामं निघाली. मी इथे नोकरीला होतोच. मारोती बायको शेवंताला आणि लहानग्या गोविंदला घेऊन आला, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये लागला.

"इथं कोनी मले ओळखत नाही," म्हणाला. केवढा खूष होता!

गावाहून येताना त्याने घराण्याची देवी आणली होती. तळहाताएवढा चांदीचा टाक, लाल फडक्यात बांधलेला. पणज्याच्याही आधीचा.

त्यांच्या घराची एक रीत. त्या देवीला कोणी 'माझी' म्हणायचं नाही. माणसं देवीची. देवी कोणाची नाही.

काही वर्षांपूर्वीचं नवरात्र. टाक पाटावर मांडलेला, मारोती अनवाणी, उपाशी. जवळच्या कॉलनीत एका घरी चांदी चोरीला गेली होती. पोलीस वस्तीत शिरले.

"कौन जात?"

देवीसमोर खोटं कसं बोलणार? "पारधी, साहब."

"लो! घर बैठे मिल गया."

मग टाक उचलला. "ये किसकी है?"

"देवी है, साहब."

"तेरी है कि नहीं?"

"नहीं साहब. मेरी कैसे होगी?"

झाली कबुली. त्याला नेलं. तळपायांवर मारलं. उपास सोडायच्या आधी.

ज्यांच्याकडे चोरी झाली त्या बाईंना टाक दाखवला. त्या खरं बोलल्या, "ये हमारा नहीं है." म्हणून मारोती सुटला.

देवी सुटली नाही. ती त्यांचीही नाही, ह्याचीही नाही. मग राहू दे ठाण्याच्या मालखान्यात, जप्तीच्या मालात.

चोरीची चांदी पुढे त्या बाईंच्याच पुतण्याकडे निघाली. त्याला घरातल्यांनी समजावून सांगितलं म्हणे.

देवी सोडवायला आम्ही वकील गाठले. ते म्हणाले, "बस इतना बोल दो, मेरी है. बाकी मैं देख लूँगा."

इथल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या देवळाच्या पायरीवर बसून मी मारोतीला हात जोडले. "म्हणून टाक ना रे. देवी काय रागावते?"

"मी तिचा हाओ. ते माही कशी म्हनू?"

"आम्ही म्हणतोच ना, आमचे देव."

"तुमाले कोनी इचारत नाही न, कोठून आनले म्हनून."

त्या पायांनी भट्टीपुढची ड्यूटी जमेना. मिल सुटली.

देवीचा मंगळवार मात्र सुटला नाही. काठी टेकत ठाण्यापर्यंत जायचा. गेटबाहेर चपला काढून, एक फूल ठेवून, ठाण्याच्या भिंतीला हात जोडायचा.

पहाऱ्यावरचा संत्री ओरडायचा, "ऐ पुजारी! आ गया अपनी चोरनी से मिलने?"

ते फूल तो बुटाने बाजूला सारायचा. मी एकदा सोबत होतो, डोळ्यांनी पाहिलं. मारोती म्हणाला, "पायू नको तिकडं. तिच्यापर्यंत पोचलं."

गेल्या वर्षी असाच परत येताना रस्त्याकडेला टेकला. उठला नाही.

शेवंतावहिनींनी पाट तसाच ठेवला आहे. वर नुसतं लाल फडकं. त्याची पूजा करतात.

वर्षश्राद्धाला देवी घरी असावी म्हणून गेल्या आठवड्यात गोविंद ठाण्यात गेला. आता पिकअप चालवतो. मराठी समजतं, बोलतो हिंदीच. बापाने मरेपर्यंत जे तोंडातून काढलं नाही, ते त्याने सांगितलं.

"साहब, वो देवी मेरी है."

ठाण्यातला कारकून, मुंशी, म्हणाला, "बाप बोल के गया, मेरी नहीं. अब तेरी हो गई? बिल ला."

मागून कोणीतरी म्हणालं, "पारधी है ना? पहले जेब देख इसकी."

संध्याकाळी तो आमच्याकडे आला.

"काका, पापा ने जिंदगी भर नहीं बोला. मैंने बोल दिया. फिर भी नहीं दी. मम्मी को क्या बोलूँ?"

चहा तसाच राहिला.

निघाला. दारात थांबला.

आणि त्याने खिसे उलटे केले.

हे त्याने यापूर्वी कधीच केलं नव्हतं. आई आता नाही. 'काहून असं करतं' म्हणायला घरात कोणी नव्हतं.

आज सकाळी देव्हाऱ्यातले आमचे देव धुतले, पुसले, जागेवर ठेवले. त्यात दोन टाक चांदीचे आहेत. कोठून आले, मला माहीत नाही. बिल तर नाहीच.

मारोती, तुझी देवी काही सोडवता आली नाही.

येत्या मंगळवारी फूल घेऊन मी जाईन. चपला गेटबाहेरच काढीन.

रामराम, मित्रा.